आमवाताचा रुग्ण आणि त्याचे काम

संधिवात म्हणजे म्हातारपणाचे दुखणे, अशी आपल्याकडे दृढ समजूत आहे. वयोमानाने झिजणाऱ्या गुडघ्यांबाबत ती बहुतांशी खरीही आहे. परंतु डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, त्या आमवाताची गोष्ट निराळी. येथे शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. हा रोग बहुधा तिशी ते साठीच्या दरम्यान, म्हणजे ऐन कमावत्या वयात गाठतो; पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो दोन ते तीन पट अधिक आढळतो. सकाळी तासभर मूठ मिटत नाही, खडू धरवत नाही, कणीक मळवत नाही. दुपारी तीच व्यक्ती हिंडतीफिरती दिसते आणि ‘सोंग करते’ असा शेरा पदरी पडतो.

हितचिंतक सांगतात, स्वस्थ पडून राहा. एके काळी वैद्यकशास्त्रही दीर्घ विश्रांतीच सांगत असे. आज तो विचार मागे पडला आहे. सांधा सुजून तापलेला असताना त्याला विसावा द्यावा हे खरे. पण एरवी हालचाल थांबली की स्नायू दुबळे होतात आणि त्यांचा भार पुन्हा सांध्यांवरच पडतो. व्यायामानंतर वाढलेली वेदना दोन तासांहून अधिक टिकली, तर पुढच्या वेळी तो कमी करावा, इतका हा हिशेब साधा आहे. अर्थात व्यायाम हा औषधाला पर्याय नव्हे. आठवड्यातून एकदाच घ्यावयाच्या मेथोट्रेक्सेटसारखी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेळीच सुरू झाली, तर सांध्यांची हानी पुष्कळ रोखता येते.

पहिले मानवी हृदयरोपण १९६७ साली करणारे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांना हा रोग असल्याचे निदान १९५६ मध्येच झाले होते. हातांनी साथ सोडल्यामुळे त्यांनी १९८३ साली शस्त्रक्रिया थांबविल्या. मधली सारी वर्षे ते काम करीत राहिले. मात्र केवळ जिद्दीवर सर्वांनाच हे साधेल, असे मानणे अन्यायाचे होईल. सकाळी सातची शाळा, तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग आणि उभ्याने करावा लागणारा लोकलचा प्रवास यांपुढे जिद्दही थकते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात अपंगत्वाचे २१ प्रकार नोंदले आहेत. त्यांत या रोगाचे नाव नाही. सांधे निकामी झाल्यास अस्थिव्यंग म्हणून नोंद होऊ शकते. परंतु नोकरीतील आरक्षणासारख्या सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व असावे लागते. म्हणजे बोटे वाकडी होईपर्यंत रुग्ण कागदोपत्री धडधाकटच!

वास्तविक मदतीची खरी गरज असते ती त्याआधी. उशिराची तासिका, तळमजल्यावरची खोली, मधूनमधून उठून फिरण्याची मुभा यांना खर्च जवळजवळ नाही. उलट वीस वर्षांच्या अनुभवाचा शिक्षक वा कारकून मुदतीआधी घरी बसला, तर त्याच्या कुटुंबाचे उत्पन्न बुडते आणि संस्थेचे कौशल्य हरपते. सहानुभूती बाजूला ठेवून केवळ जमाखर्च मांडला, तरी शिल्लक कोणत्या बाजूस राहते हे उघड आहे.