लीडीचे ड्रम

बँड वाजूं लागला म्हणजे सर्वांचें लक्ष ड्रम वाजविणाराच्या हातांकडे जातें. तो ड्रम ज्या तिवईवर ठेविला आहे तिच्याकडे कोणी पाहत नाहीं. तथापि अशाच एका तिवईपासून अमेरिकेंतील एका मोठ्या कारखान्याचा उगम झाला. त्याचें नांव ‘लीडी’. जुन्या वाद्यांचा संग्रह करणारांवांचून हें नांव आज फारसें कोणास ठाऊक नाहीं. परंतु त्या कारखान्यांत निघालेल्या युक्त्या अद्यापि वापरांत आहेत. नांव मागें राहिलें व काम पुढें गेलें, हें कसें घडलें तें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम या वाद्याची रचना समजून घेऊं. आपल्या शाळांच्या बँडांत ज्याला साइड ड्रम म्हणतात, त्याच जातीच्या वाद्याला अमेरिकेंत ‘स्नेअर ड्रम’ असें नांव आहे. त्याचें खोड लांकडाचें किंवा पितळेचें, उथळ व पोकळ असतें. वरच्या तोंडावरील कातड्यावर काठ्या पडतात. खालचें कातडें अतिशय पातळ असून त्याला लागून आंतड्याचे किंवा धातूचे तंतु ताणलेले असतात. वर काठी पडली कीं आंतील हवा दबते, खालचें कातडें थरथरतें, आणि तंतु त्यावर आपटून ओळखीचा करकरीत आवाज उठतो. तंतु सैल सोडले तर तोच ड्रम साध्या ढोलाप्रमाणें घुमतो.

कातडें ताणण्यासाठीं खोडाच्या अंगावर धातूच्या घुंड्या बसविलेल्या असतात, व त्यांत लांब स्क्रू फिरतात. आपला तबलजी हातोडीनें गठ्ठे ठोकून जें साधतो, तेंच येथें किल्लीनें स्क्रू आंवळून साधावयाचें. कातड्यावर हवेचा परिणाम व्हावयाचाच. दमट हवेंत तें सैल पडतें, कोरड्या हवेंत आंवळून येतें. प्लॅस्टिकचे पडदे १९५७ च्या सुमारास बाजारांत आले. तोंपर्यंत ड्रम बनविणारांची अर्धी अक्कल या एकाच अडचणीवर खर्च होत असे.

उलिसीस लीडी याचा जन्म १८६७ सालीं झाला. तो स्वतः नाटकगृहांतील ड्रमवादक होता. नाटकगृहांत वाद्यवृंदाला जागा थोडी. म्हणून मोठा ड्रम आणि स्नेअर ड्रम हे दोन्ही एकाच माणसास सांभाळावे लागत. स्नेअर ड्रम पट्ट्यानें अंगावर अडकवावा तर बसून वाजवितां येत नाहीं. खुर्चीवर ठेवावा तर त्याची उंची व कल सोयीचा होत नाहीं. लीडीनें सुमारें १८९८ सालीं उंची व कल हवा तसा बदलतां येईल अशी तिवई तयार केली. ती पाहून इतर वादकही तशीच तिवई मागूं लागले, आणि १९०३ पर्यंत इंडियाना राज्यांतील इंडियानापोलिस शहरीं त्याच्या नांवाची कंपनी उभी राहिली. पुढें १९०९ मध्यें शिकागोच्या विल्यम लुडविग यानें मोठ्या ड्रमासाठीं पायानें चालवावयाचें चपळ पेडल केलें. तिवईनें हात मोकळे केले, पेडलानें मोठा ड्रम पायांकडे दिला, आणि एकच मनुष्य बसल्या जागीं अनेक ड्रम वाजवूं लागला. आजचा ड्रमसेट याच सोयींतून वाढला आहे.

लीडीच्या कारखान्याची भरभराट १९२० नंतरच्या दशकांत झाली. परड्यू विद्यापीठाच्या बँडासाठीं १९२१ सालीं येथेंच एक प्रचंड ड्रम बांधण्यांत आला. तो गाड्यावर ठेवून मिरवावा लागतो, आणि शंभर वर्षें उलटलीं तरी अजून मिरविला जातो.

याच सुमारास कारखान्यांतील हर्मन विंटरहॉफ यानें एक नवें वाद्य सिद्ध केलें. पोलादी पट्ट्यांच्या वाद्यांतून मनुष्याच्या कंपयुक्त स्वरासारखा ध्वनि काढावा, असा त्याचा यत्न होता. प्रत्येक पट्टीखालीं एक नळी असे. तिच्या तोंडाशीं त्यानें एक लहान चकती बसविली, व ती विजेच्या मोटारीनें फिरती ठेविली. चकती फिरतांना नळीचें तोंड उघडतें व मिटतें, त्यामुळें स्वर लहरीप्रमाणें वाढतो व ओसरतो. हाच ‘व्हायब्राफोन’. पुढें १९२७ सालीं शिकागोच्या डीगन कंपनीनें पोलादाऐवजीं ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घालून व पेडल जोडून त्यांत पुष्कळ सुधारणा केली. आजचा व्हायब्राफोन डीगनच्या घडणीचा आहे. नांव मात्र लीडीच्या कारखान्यानें दिलेलें टिकलें.

मग लीडीचें स्वतःचें नांव कां टिकलें नाहीं? प्रकृति खालावल्यामुळें लीडीनें १९२९ सालीं कंपनी विकली. ती घेणारी कॉन कंपनी हरतऱ्हेचीं बँडचीं वाद्यें बनवीत असे. तिनें कारखाना एल्कहार्ट गांवीं हलविला. लीडी इंडियानापोलिस येथेंच राहिला व निराळ्या नांवानें पुनः ड्रम करूं लागला. परंतु १९३१ सालीं त्याचा अंत झाला. कॉननें लुडविगची कंपनीही विकत घेतली होती. १९५० च्या सुमारास तिनें दोन्ही नांवें एकत्र जोडलीं, आणि १९५५ सालीं ड्रमांचा धंदाच सोडून दिला. लुडविग हें नांव परत घेण्यास खुद्द विल्यम लुडविग हयात होता. लीडीच्या मागें तसें कोणी नव्हतें. तें नांव शिकागोच्या स्लिंगरलँड कंपनीकडे गेलें. पण तिला स्वतःचें नांव पुढें आणावयाचें होतें, म्हणून उसन्या नांवाची जोपासना झाली नाहीं.

काम मात्र दुसऱ्या वाटेनें पुढें गेलें. जॉर्ज वे हा १९२१ पासून लीडीच्या पदरीं होता. त्यानें १९५७ सालीं एल्कहार्ट येथें आपली लहानशी कंपनी काढली व ड्रमांना सुबक गोल घुंड्या बसविल्या. कांहीं वर्षांत ती कंपनी त्याच्या हातून जाऊन ‘कॅम्को’ झाली, आणि १९६९ मध्यें वेही वारला. परंतु १९८० च्या आधींच कॅम्कोचे सांचे कॅलिफोर्नियांतील एका तरुण कंपनीनें विकत घेतले. तिचें नांव ‘ड्रम वर्कशॉप’. तिच्या नामांकित ड्रमांवर ती गोल घुंडी आजही दिसते.

विद्यार्थी मित्रहो, लीडीनें आरंभीं कारखान्याचें स्वप्न पाहिलें नव्हतें. रोजचें काम करितांना कोठें अडतें तें त्यानें पाहिलें, व ती अडचण दूर केली. ती अडचण इतरांचीही होती, म्हणून त्याचा धंदा वाढला. नांवाची मालकी विकतां येते, विसरतांही येते. परंतु एकदां दूर केलेली अडचण पुढील पिढीला पुनः सोसावी लागत नाहीं. तुमच्या हातांतील साधन, मग तें पट्टी असो, करवत असो कीं ड्रमाची काठी असो, कोठें अडतें याकडे नीट लक्ष द्या. लीडीनें यापेक्षां निराळें कांहीं केलें नव्हतें.