विद्यादानाची उचल

शंभर डॉलर एकदाच भरावेत आणि त्यांच्या मोबदल्यात आपल्या घरातील, किंवा आपण नेमून देऊ त्या कोणत्याही एका विद्यार्थ्याला, आचंद्रसूर्य विनाशुल्क शिकविण्याचे वचन महाविद्यालयाकडून लेखी घ्यावे, असा व्यवहार सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या ओहायो आणि आसपासच्या प्रांतांत राजरोस चालत असे. या कागदाला तिकडे शिष्यवृत्ती म्हणत. आपल्याकडची शिष्यवृत्ती विद्यार्थ्याच्या हाती पैसा ठेवते. तिकडचा तो कागद मात्र महाविद्यालयाने आपल्याच भावी उत्पन्नावर लिहून दिलेले कर्जखत होता. तो एका व्यक्तीच्या नावाला जखडलेला नसे. धन्याला मुलगा नसला तर तो पुतण्याला द्यावा, पुतण्या शिकून बाहेर पडला तर शेजाऱ्याला भाड्याने द्यावा, नाहीतर मिळेल त्या किमतीला विकून मोकळे व्हावे, अशी त्याची मुभा असे. या हस्तांतरणक्षमतेमुळेच तो खपला आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, या हस्तांतरणक्षमतेनेच त्याने संस्थांना अडचणीत आणले.

यातील सर्वांत बोधप्रद उदाहरण ओबर्लिन महाविद्यालयाचे आहे. १८३३ साली ओहायोच्या जंगलात वसाहतीबरोबरच स्थापन झालेल्या या संस्थेने ‘विद्या आणि श्रम’ हे ब्रीद घेतले होते. विद्यार्थी शेतात आणि कारखान्यात राबत व उरलेल्या वेळी शिकत. १८३५ मध्ये या संस्थेने कृष्णवर्णीयांना प्रवेश देण्याचे ठरविले आणि १८३७ मध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पदवीच्या अभ्यासक्रमात घेतले. ज्या काळी त्याच देशाच्या दक्षिण भागात माणसांची खरेदीविक्री कायदेशीर होती, त्या काळी हे धैर्य सामान्य नव्हते. अशा संस्थेला श्रीमंत दाते मिळणे दुरापास्त. म्हणून १८५० साली तिच्या चालकांनी एक लाख डॉलरांचा कायम निधी उभारण्याचे ठरवून शिष्यवृत्त्या विकावयास काढल्या: पंचवीस डॉलरांत सहा वर्षांचे शिक्षण, पन्नास डॉलरांत अठरा वर्षांचे, आणि शंभर डॉलरांत कायमचे. निधी जमला. त्याबरोबर विद्यार्थीही जमले, आणि दोन-तीन वर्षांच्या आत त्यांची संख्या दुपटीच्या घरात जाऊन हजारावर गेली. वर्ग भरले, खोल्या अपुऱ्या पडल्या. मात्र या नव्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांच्या हाती पूर्वीच विकलेला कागद असल्यामुळे त्यांच्याकडून शिक्षणशुल्काची वसुली होण्याचा प्रश्नच उरला नाही.

ही युक्ती सुचण्याची कारणे समजून घेतली म्हणजे त्या चालकांविषयी आदरच वाटतो. नव्याने वसणाऱ्या त्या प्रदेशात प्रत्येक धर्मपंथाला आपले स्वतःचे महाविद्यालय हवे होते. सरकारी खजिन्यातून मदत क्वचित मिळे, आणि ज्या शेतकऱ्यांच्या जिवावर हे सारे चालवावयाचे, त्यांच्याजवळ जमीन पुष्कळ असली तरी रोकड फारशी नसे. अशा माणसाकडे निव्वळ दान मागण्यापेक्षा ‘तुझ्या मुलाचे शिक्षण आजच विकत घे’ असे सांगणे अधिक परिणामकारक ठरे. महाविद्यालयाचा मुखत्यार घोड्यावर बसून गावोगाव फिरे, चर्चमध्ये भाषण करी, आणि रोकड नसेल तर शेतकऱ्याकडून वचनचिठ्ठी लिहून घेई: मुद्दल पुढे केव्हातरी, तोवर दरसाल व्याज. अशा चिठ्ठ्यांपैकी कित्येकांची वसुली कधीच झाली नाही. तरीही निधीच्या बेरजेत त्या धरल्या गेल्या आणि त्यांवर हक्क सांगणारे विद्यार्थी वर्गात येऊन बसले.

आता हिशोब पाहू. शंभर डॉलर शेकडा सहा दराने गुंतविले तर वर्षाला सहा डॉलर व्याज येते. त्या काळी तिकडच्या लहान महाविद्यालयांची वार्षिक फी वीस-तीस डॉलरांच्या घरात असे. म्हणजे मुद्दलाला हात न लावताही प्रत्येक विद्यार्थ्यामागे दरसाल तूट येणार. शिवाय मुद्दल अखंड राहिले असे फार थोड्या ठिकाणी घडले. इमारत अर्धवट होती, प्राध्यापकांचा पगार थकला होता, सावकार दाराशी उभा होता, तेव्हा शिष्यवृत्तीचा पैसा त्यातच खर्ची पडला. चालकांनी मनाशी एक गृहीत धरले होते की विकलेल्या कागदांपैकी पुष्कळसे कधी वापरलेच जाणार नाहीत, कारण शेतकऱ्याच्या घरात प्रत्येक पिढीला महाविद्यालयात जाणारा मुलगा असेलच असे नाही. हे गृहीत हस्तांतरणाच्या अटीने खोटे ठरविले. ज्याला गरज नव्हती त्याने कागद भाड्याने दिला, आणि महाविद्यालयाची फी भरण्यापेक्षा कागदाचे भाडे स्वस्त असल्यामुळे फी भरू शकणारा विद्यार्थीही कागदच शोधू लागला. आपल्याच दारात आपल्याच मालाची स्वस्त दुकाने निघाल्यावर संस्थेने काय करावे?

हे मी मांजरसुंब्यास बसून लिहीत आहे. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या माथ्यावरील या गावी धुळे-सोलापूर महामार्गाला केज-अंबाजोगाईचा रस्ता मिळतो. मन्मथस्वामींचे कपिलधार येथून जवळच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या याच रस्त्यांनी कारखान्यांकडे जातात. मुकादम हंगामाच्या आधीच कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, एकरकमी उचल देतो. ती लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात हंगाम सुरू होण्यापूर्वीच संपते, आणि मग महिनोन्‌महिने जे राबावयाचे ते आधीच खर्चलेल्या पैशासाठी; फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. त्या अमेरिकन महाविद्यालयांनी केले ते अगदी हेच. विद्यादानाची उचल घेतली आणि ती फेडण्यासाठी पुढची कित्येक वर्षे शिकवीत राहिली. फरक एवढाच, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो, की येथे उचल घेणारा आणि कोयता चालविणारा एकच असतो, तर तेथे कागद विकला विश्वस्तांनी आणि राबला प्राध्यापक. शुल्काचे उत्पन्न आटले की पहिली कात्री त्याच्या वेतनाला लागे. ज्या व्यवहारात त्याची संमती कोणी विचारली नव्हती, त्याचा भार त्याच्या संसारावर पडे.

याची सर्वांत करुण परिणती अँटिऑक महाविद्यालयात झाली. अमेरिकेतील सार्वजनिक शाळांचा प्रणेता म्हणून ज्याचे नाव शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते, तो होरेस मॅन मॅसॅच्युसेट्समधील प्रतिष्ठा सोडून १८५३ साली ओहायोतील यलो स्प्रिंग्ज येथे या नव्या महाविद्यालयाचा पहिला अध्यक्ष झाला. महाविद्यालयाचे भांडवल शंभर-शंभर डॉलरांच्या शिष्यवृत्त्या विकून उभे करावयाचे होते. कागद घेणाऱ्यास एक विद्यार्थी कायम विनाशुल्क ठेवण्याचा आणि शिवाय विश्वस्त निवडण्याचाही हक्क मिळे. विद्यार्थी आले, उत्पन्न आले नाही, कर्ज मात्र वाढत गेले. १८५९ साली महाविद्यालयाची मालमत्ता लिलावात निघाली, हितचिंतकांनी ती विकत घेऊन संस्था वाचविली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये थकलेल्या होरेस मॅनचे देहावसान झाले. अन्य संस्थांपैकी कोणी पुढे आपले कागद परत विकत घेतले, कोणी धन्यांना विनवण्या करून ते दानादाखल मिळविले, तर कोणी शिक्षणशुल्क माफ ठेवून किरकोळ खर्चाच्या नावाने दुसरे शुल्क बसविले.

अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ मध्ये ठाणे घातले; म्हणजे ज्या काळी तिकडे हे कागद विकले जात होते, त्याच काळी त्याच देशाचे लोक आमच्या शेजारच्या जिल्ह्यात शाळा चालवीत होते. तरीही जागा विकून महाविद्यालय उभारण्याची ही रीत महाराष्ट्रात रुजली नाही. येथे निधी जमविण्याच्या ज्या निरनिराळ्या तऱ्हा निघाल्या, त्यांत दात्याला मान मिळाला, कधी मताचा हक्क मिळाला, पण वर्गातील बाक त्याच्या मालकीचे झाले नाही. एल्फिन्स्टन १८२७ साली मुंबईचे गव्हर्नरपद सोडून गेले तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी दोन लाखांवर रुपये जमविले. त्यातून इंग्लंडहून अध्यापक आणावयाचे होते, आणि ते ऑर्लेबार व हार्कनेस हे दोघे प्रत्यक्ष येऊन पोहोचले १८३५ साली. हा विलंब आज असह्य वाटेल, परंतु निधी आधी आणि अध्यापन नंतर हा त्यातील क्रम शहाणपणाचा होता.

त्याहून वेगळा, आणि माझ्या मते त्याहून थोर, मार्ग पुण्यास निघाला. १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले, आगरकर लवकरच त्यांना येऊन मिळाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन महाविद्यालय उघडले. या संस्थेने संस्थानिकांकडून आणि सरदार-सावकारांकडून देणग्या घेतल्या, नामजोशी त्यासाठी दरबारोदरबारी हिंडले. परंतु संस्थेचे खरे भांडवल आजीव सभासदांची प्रतिज्ञा हे होते. वीस वर्षे संस्थेची सेवा करावयाची आणि महिना पाऊणशे रुपयांच्या आसपासच्या वेतनावर संसार चालवावयाचा, हे ज्याने मान्य केले तो आजीव सभासद. केंब्रिजमध्ये १८९९ साली सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे याच वेतनावर येऊन बसले, हे आठवले म्हणजे त्या प्रतिज्ञेचे वजन कळते. येथेही भविष्यकाळच गहाण टाकला गेला होता, पण तो ज्याचा होता त्यानेच, स्वतःच्या हाताने आणि मुदत ठरवून. अमेरिकेतील प्राध्यापकाचा त्याग त्याच्यावर लादला गेला. पुण्यातील प्राध्यापकाने तो प्रवेशद्वाराशीच पत्करला. महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात इमारतींना आणि दात्यांच्या तैलचित्रांना जेवढी जागा मिळाली, तेवढी या पाऊणशे रुपयांत राहिलेल्या बिऱ्हाडांना मिळाली नाही, याची मला खंत आहे.

मुदतीचे हेच भान पंडिता रमाबाईंच्या व्यवहारातही दिसते. १८८७ च्या अखेरीस बोस्टनमध्ये त्यांच्या कार्यासाठी जी मंडळी एकत्र आली, त्यांनी दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले. त्या आधारावर १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदासदन उघडले. ज्या देशात शंभर डॉलरांत अनंतकाळ विकला गेला होता, त्याच देशात आमच्या एका विदुषीने दहा वर्षांचे मोजके वचन घेतले.

आणि मग कर्वे. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून, वीस वर्षांची सेवा पुरी करून निघालेल्या या माणसाने १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले, ते दरसाल वर्गणी देणाऱ्या सामान्य लोकांच्या बळावर; या वर्गणीदारांना सीनेटवर सभासद निवडून देण्याचा हक्क होता. एकदाच रक्कम भरून कायमचा हक्क मिळविण्याऐवजी वर्षानुवर्षे वर्गणी भरून हक्क जागता ठेवावयाचा, ही कल्पना अँटिऑकच्या अगदी उलट आहे. पुढे १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली. ती साडेतीन टक्क्यांच्या सरकारी रोख्यांत होती, म्हणजे वर्षाला ५२,५०० रुपये व्याज. विद्यापीठाने त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव धारण केले. मुद्दल अभंग ठेवून व्याजावर चालण्याचे जे स्वप्न ओबर्लिनच्या चालकांनी पाहिले होते, ते त्या रोख्यांनी येथे पुरविले.

कर्मवीर भाऊराव पाटलांजवळ रोखे नव्हते आणि वर्गणी देऊ शकतील असे लोकही नव्हते. १९१९ साली काले येथे स्थापन केलेली आणि १९२४ पासून साताऱ्यास नांदलेली रयत शिक्षण संस्था त्यांनी मुष्टिफंडाच्या धान्यावर, विद्यार्थ्यांच्या श्रमावर आणि पत्नी लक्ष्मीबाईंच्या दागिन्यांवर चालविली. ‘स्वावलंबी शिक्षण’ हे तिचे ब्रीद ओबर्लिनच्या ब्रीदाचे सख्खे भावंड शोभते. मात्र १९४७ साली साताऱ्यास महाविद्यालय काढताना त्यांनी जागा विकल्या नाहीत. विद्यार्थ्याने कमवावे आणि शिकावे, हीच योजना त्यांनी महाविद्यालयापर्यंत नेली.

या परंपरेत वाढलेल्या महाराष्ट्राने पुढे जागांचा बाजार पाहिलाच नाही असे म्हणता येत नाही. १९८३ नंतर विनाअनुदान व्यावसायिक महाविद्यालये निघाली आणि प्रवेशासाठी देणगी मागण्याची वहिवाट इतकी वाढली, की १९८७ साली विधिमंडळाला ती प्रतिबंधित करणारा कायदा करावा लागला. ओहायोचा कागद गरीब शेतकऱ्याला परवडावा म्हणून निघाला होता. ही देणगी गरिबाला बाहेर ठेवणारी होती. त्यामुळे दोन्ही प्रकार एका मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते. अमेरिकेतही जुना विचार पुन्हा उगवला. ड्यूकेन विद्यापीठाने १९८५ साली भावी शिक्षणशुल्क आजच घेण्याची योजना काढली, आणि व्याजाची आकडेमोड जमेना म्हणून १९८८ मध्ये ती स्थगित केली.

शिक्षणाचा पैसा कोणत्या रीतीने उभा करावा, हा प्रश्न आमच्या बीड जिल्ह्यापुरता आज ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काढलेल्या शासकीय वसतिगृहांच्या रूपाने उभा आहे. आईबाप फडावर गेले तरी मूल शाळेत राहावे, म्हणून २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने ही योजना मंजूर झाली. आणि ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी स्थापलेल्या महामंडळाकरिता कारखान्यांनी गाळप झालेल्या उसावर टनामागे दहा रुपये द्यावेत आणि तेवढेच शासनाने घालावेत, असे ठरले. पैसा दरसाल नव्याने येणार, हे या तरतुदीचे बळ. पण पाऊस दडी मारतो, ऊस घटतो, आणि त्याबरोबर ही रक्कमही घटते. वसतिगृहातील मुलांची भूक आणि इयत्ता मात्र तशीच राहते. म्हणून चांगल्या हंगामाच्या जमेतील काही भाग, ठाकरसींच्या रोख्यांप्रमाणे, हात न लावण्याचे मुद्दल म्हणून बाजूला ठेवण्याची तरतूद महामंडळाने लेखी करावी, आणि त्याचा ताळेबंद दरवर्षी दिवाळीपूर्वी, टोळ्या निघण्याच्या आत, प्रसिद्ध करावा.