राज्ये जे मागतात, ते राज्यांनी द्यावेही

वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये लागू झाला, तेव्हा राज्यांनी केंद्राकडून कायदेशीर हमी मिळवली होती. २०१५-१६ हे पायाभूत वर्ष धरून महसुलात दरवर्षी १४ टक्के वाढ गृहीत धरायची आणि तूट पडल्यास पाच वर्षे ती भरून द्यायची, असे संसदेने कायद्यातच लिहिले. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनी करोनाच्या साथीला ‘दैवी आपत्ती’ म्हटले आणि राज्यांपुढे कर्ज काढण्याचा पर्याय ठेवला, तेव्हा अनेक राज्ये संतापली. त्यांचा संताप रास्त होता, असे माझे मत तेव्हाही होते, आजही आहे. ज्याला कर लावण्याचा अधिकार सोडायला लावला, त्याला दिलेला शब्द पाळायलाच हवा.

परंतु या नव्या करासाठी राज्यांच्या खालच्या पातळीवरही उत्पन्नावर पाणी सोडावे लागले होते. १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील प्रवेश कराची आणि जाहिरातींवरील कराची नोंद वगळली. जकात ही शहरांच्या उत्पन्नाची जुनी वाट त्यामुळे कायमची बंद झाली. पालिकांना मात्र देशपातळीवर कोणतीही हमी मिळाली नाही. वस्तू व सेवा कर परिषदेत त्यांना जागाही नाही. महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा करून महापालिकांच्या भरपाईची व्यवस्था केली हे खरे. पण तो एका राज्याचा निर्णय होता, देशाचा नियम नव्हे.

‘देऊ शकेल’ आणि ‘देईल’

या विसंगतीचे मूळ राज्यघटनेच्या शब्दांत आहे. केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा अनुच्छेद २७० नुसार बंधनकारक आहे. पंचायती आणि नगरपालिकांबाबत मात्र, ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने आणलेले अनुच्छेद २४३-एच आणि २४३-एक्स एवढेच सांगतात, की राज्याचे विधिमंडळ त्यांना कर आकारण्याचा अधिकार ‘देऊ शकेल’. वाटा ठरवण्यासाठी दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमणे अनिवार्य आहे. त्याच्या शिफारशी स्वीकारणे अनिवार्य नाही. आयोग वेळेवर नेमण्याचे बंधनही बहुतेकांनी पाळलेले नाही. कित्येक राज्ये दुसऱ्या-तिसऱ्या आयोगापलीकडे गेलेली नाहीत, हे पंधराव्या वित्त आयोगाने नोंदवले होते.

परिणाम आकड्यांत दिसतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या अहवालानुसार भारतातील पालिकांचा महसूल दशकभराहून अधिक काळ सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे एक टक्क्यावर अडकला आहे. ब्राझीलमध्ये हे प्रमाण ७.४ टक्के, तर दक्षिण आफ्रिकेत ६ टक्के आहे. ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेने राज्यांच्या मुख्य विक्रीकराचा चौथा हिस्सा थेट नगरपालिकांच्या मालकीचा ठरवला होता. आपल्याकडे पंचायतींची अवस्था पालिकांहून बिकट आहे. रिझर्व्ह बँकेच्याच २०२४ च्या अहवालानुसार त्यांच्या महसुलात स्वतःच्या करांचा वाटा जेमतेम एक टक्का आहे. सुमारे ८० टक्के रक्कम केंद्राच्या आणि १५ टक्के राज्यांच्या अनुदानांतून येते.

पैसा वाटेत कुठे मुरतो?

पैसा वळवण्याचे मार्ग अनेक आहेत आणि त्यातले बहुतेक कायदेशीर दिसतात. पहिला मार्ग कर स्वतःकडेच ठेवण्याचा. अनुच्छेद २७६ नुसार व्यवसाय कर राज्याच्या किंवा स्थानिक संस्थांच्या लाभासाठी आकारता येतो. केरळ आणि तमिळनाडूत तो स्थानिक संस्था आकारतात. महाराष्ट्र, कर्नाटक आणि पश्चिम बंगालमध्ये तो राज्याच्या तिजोरीत जातो. कर एकच, पण गावाला तो मिळेल की नाही हे विधिमंडळाच्या मर्जीवर ठरते.

दुसरा मार्ग दुसऱ्याच्या खिशातून औदार्य दाखवण्याचा. मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने जाहीर केला. सवलत योग्य की अयोग्य, हा वेगळा वाद. श्रेय सरकारचे आणि तूट महापालिकेची, ही व्यवस्था मात्र कोणत्याही तत्त्वात बसत नाही.

तिसरा मार्ग परस्पर वजावटीचा. २०२१ मध्ये आंध्र प्रदेशातील सरपंचांनी तक्रार केली, की केंद्रीय वित्त आयोगाच्या शिफारशीवरून आलेले ग्रामपंचायतींचे पैसे त्यांना न विचारताच विजेच्या थकबाकीपोटी वळते करण्यात आले. थकबाकी खरी असू शकते. पथदिवे आणि पाण्याचे पंप फुकट चालत नाहीत. पण देणे कोणते, किती आणि केव्हा फेडायचे, हे ठरवण्याचा हक्क खातेदाराचा असतो. केंद्राने एखाद्या राज्याच्या करवाट्यातून परस्पर अशी वजावट केली असती, तर त्या राज्याने त्याला संघराज्यावरील आघात म्हटले असते.

कुलपाला पळवाट नको

राज्ये यावर म्हणतील, की आमचीच तिजोरी रिती आहे. केंद्र उपकर आणि अधिभार वाढवते आणि त्यात आम्हाला वाटा मिळत नाही. तक्रार खरी आहे. पण ज्या तत्त्वावर ती उभी आहे, तेच तत्त्व राज्याच्या राजधानीपासून गावापर्यंतही लागू होते. दुसरा आक्षेप असा, की स्थानिक संस्था आपला मालमत्ता करही नीट वसूल करत नाहीत. हेही खरे. मात्र मतदारांचा रोष पत्करून कर वसूल करायचा आणि माफी जाहीर करण्याचा अधिकार वरच्यांच्या हाती राहू द्यायचा, अशा रचनेत वसुलीची उमेद येणार कुठून?

केंद्रीय वित्त आयोगांनी यावर उपाय करून पाहिला. अनुदान ठरावीक दिवसांत पुढे पाठवले नाही, तर राज्याने व्याज द्यावे, अशी अट त्यांनी घातली. मार्च २०२४ पर्यंत राज्य वित्त आयोगाबाबतची जबाबदारी पार न पाडणाऱ्या राज्यांचे स्थानिक अनुदान थांबवावे, असे पंधराव्या आयोगाने सुचवले. पण यात चूक राज्याची आणि शिक्षा गावाची होते.

कुलूप लावावे लागेल ते कायद्यातच, आणि तेही पळवाटेविना. कॅलिफोर्नियाचा अनुभव याबाबत बोलका आहे. स्थानिक संस्थांच्या मालमत्ता कराला तेथील मतदारांनी २००४ मध्ये राज्यघटनात्मक संरक्षण दिले. मात्र आर्थिक आणीबाणीत उसनवारीची मुभा ठेवली. २००९ च्या मंदीत राज्याने ती वापरून सुमारे १.९ अब्ज डॉलर उचलले. २०१० मध्ये मतदारांनी ही मुभाही काढून घेतली.

आपल्याकडे घटनादुरुस्तीची वाट न पाहता राज्यांना चार गोष्टी करता येतील. एक, राज्याच्या वस्तू व सेवा कराचा ठरावीक टक्का कायद्याने स्थानिक संस्थांचा करावा. दोन, व्यवसाय कर त्यांच्याकडे सोपवावा. राज्य जो कर त्यांच्या वतीने गोळा करते, तो थेट त्यांच्या खात्यात जमा व्हावा. तीन, केरळप्रमाणे प्रत्येक संस्थेची रक्कम अर्थसंकल्पाच्या परिशिष्टात नावानिशी छापावी, म्हणजे किती आले आणि किती अडले हे कोणालाही ताडून पाहता येईल. चार, संबंधित सभागृहाच्या ठरावाशिवाय वजावट करू नये. राज्याने जाहीर केलेल्या करमाफीची भरपाई राज्यानेच करावी.

शेवटी मात्र ‘देऊ शकेल’च्या जागी ‘देईल’ हा शब्द राज्यघटनेत यावाच लागेल. अशी दुरुस्ती निम्म्या राज्यांच्या संमतीवाचून शोभणार नाही, असे मला वाटते. म्हणूनच तिचा आग्रह राज्यांनीच धरला पाहिजे. केंद्राशी भांडताना हमीचे महत्त्व त्यांना पुरते कळले आहे. तीच हमी ते आपल्या गावांना आणि शहरांना देतात का, यावर त्यांच्या संघराज्यनिष्ठेची परीक्षा होईल.