फोर्टातील इमारती आणि आपण

चामोर्शीच्या महाविद्यालयात वाणिज्य शिकवताना ‘दलाल स्ट्रीट’ हा शब्द आला, की वर्गातील मुले गप्प होतात. हे गप्प होणे माझ्या ओळखीचे आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. ज्या इमारतीत आपले कोणी कधी शिरले नाही ती आपली नव्हेच, असे मन आधीच ठरवून टाकते. म्हणून या इमारती समजून घ्यायला हव्यात.

मुंबईच्या किल्ल्याचा तट १८६० नंतरच्या दशकात पाडला गेला. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईतून जाणाऱ्या कापसाला सोन्याचे मोल आले. तो पैसा शेअर्समध्ये आणि समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांत ओतला गेला. १८६५ मध्ये युद्ध थांबले आणि हा सगळा डोलारा कोसळला. इमारती मात्र उभ्या राहिल्या. आजचे हॉर्निमन सर्कल त्याच काळातले. कापसाच्या व्यापारातले बडे नाव प्रेमचंद रायचंद. त्यांच्या देणगीतून त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. कापूस वेचणाऱ्या बाईचे नाव मात्र कोणत्याच मनोऱ्याला नाही.

जुन्या इमारतीत सगळा भार दगडी भिंत पेलते. जितके वर चढावे तितकी खालची भिंत जाड करावी लागते. लोखंडी सांगाड्याने हे बदलले. १८६० नंतरच्याच दशकात उभ्या राहिलेल्या वॉटसन हॉटेलचा सांगाडा इंग्लंडमधून आणलेल्या बिडाच्या भागांचा होता. पुढे पोलाद, सिमेंट काँक्रीट आणि लिफ्ट आली. भार सांगाड्यावर गेला आणि भिंत नुसता पडदा उरली. समुद्र बुजवून केलेल्या नरिमन पॉइंटवर १९७४ मध्ये एअर इंडियाची इमारत उभी राहिली, तर १९८० मध्ये दलाल स्ट्रीटवर शेअर बाजाराचा फिरोज जीजीभॉय टॉवर. आता बऱ्याच बड्या कचेऱ्या वांद्रे-कुर्ला संकुलात गेल्या आहेत.

उंचीचे हे शास्त्र माणसाला लागू पडते काय? पैशाला जात नसते, असे म्हणतात. कोलंबिया आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकून १९१७ मध्ये परतलेल्या बाबासाहेबांनी याच मुंबईत शेअर्सच्या व्यवहारांवर सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके निघून गेली. सल्ला चुकीचा होता म्हणून नव्हे! त्याच माणसाचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९२५ मध्ये चलनविषयक शाही आयोगापुढे त्याची साक्ष झाली. त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या रिझर्व्ह बँकेचे मुख्य कार्यालय १९३७ पासून मुंबईत, याच फोर्टात आहे. ही बँक एकट्या बाबासाहेबांच्या ग्रंथातून जन्मली, असे भावनेच्या भरात म्हणण्याचे कारण नाही. जे घडले तेवढेच पुरेसे बोलके आहे.

फोर्टात आणखी दोन इमारती आहेत: आनंद भवन आणि बुद्ध भवन. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सुरू केलेले सिद्धार्थ महाविद्यालय पुढे तिथे आले. नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग भरत. ज्या कचेऱ्यांच्या फायली पोरे दिवसभर उचलत, त्यांच्याच शेजारी ती पहाटे अर्थशास्त्र शिकत. पर्यटकांच्या यादीत या इमारती शोभेच्या म्हणून येणार नाहीत. माझ्या लेखी फोर्टातली खरी उंची तीच.

आज एटापल्लीच्या सूरजागडचा डोंगर खणला जातो आहे. आमच्याच तालुक्यात कोनसरीला लोहप्रकल्प उभा आहे आणि त्या कंपनीच्या शेअरचा भाव मुंबईच्या बाजारात ठरतो. म्हणजे दलाल स्ट्रीट आपल्या दारात आलेलाच आहे. त्याचा ताळेबंद वाचता येणारी माणसे आपल्यात किती, हा प्रश्न उरतो. वर्गातल्या त्या गप्प मुलांना मी हाच प्रश्न विचारतो.