माणशीं अर्धा एकर

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस पंगतीचा एक नियम सांगावयास नको. तुपाचें भांडें लहान आणि पंगत मोठी असली, म्हणजे वाढणारी गृहिणी कोण किती मिळवितो हें पाहत नाहीं. ती पानें मोजते आणि हात आंखडता घेते. घरांतला मिळवता वडील मुलगा आणि नुकतीच मुंज झालेला पुतण्या या दोघांच्याहि भातावर सारखीच धार पडते. हाच न्याय शेताच्या पाण्यास लावला तर काय होईल, हा प्रश्न पुणें जिल्ह्यांतील एका अवर्षणग्रस्त गांवीं प्रत्यक्ष विचारला गेला. त्याची हकीकत येथें सांगावयाची आहे.

पुरंदर तालुक्याच्या पूर्व भागांत नायगांव आहे. सह्याद्रीवर मुसळधार कोसळणारे ढग येथपर्यंत येतां येतां रिते होतात. १९७२ च्या दुष्काळांत या भागाची दैना पुण्याचे अभियंते व कारखानदार विलासराव साळुंखे यांनीं डोळ्यांनीं पाहिली, आणि १९७४ सालीं ग्राम गौरव प्रतिष्ठानाची स्थापना करून गांवच्या देवस्थानाची ४० एकर उजाड, उताराची जमीन खंडानें घेतली. त्यांनीं उतारावर समपातळीचे बांध घातले, ओघळी अडविल्या, पायथ्याशीं पाझर तलाव केला, त्याखालीं विहीर घेतली आणि तिचें पाणी पंपानें पुन्हा उतारावर चढविलें.

यांत चमत्कार नाहीं, अंकगणित आहे. एका एकरावर एक इंच पाऊस पडला, म्हणजे सुमारें एक लक्ष लिटर पाणी पडतें. दुष्काळी म्हणविणाऱ्या मुलखांतहि वर्षाकाठीं १५ इंच पाऊस झाला, तर एकरीं १५ लक्ष लिटर पाणी देवानें दिलें असें झालें. अडचण एवढीच कीं, तें चार-सहा जोराच्या सरींत येतें आणि जातांना वरची माती घेऊन जातें.

पडलेलें पाणी जागच्या जागीं मुरविणें ही कोरडवाहू शेतीची पहिली पायरी होय. ही विद्या आपल्याकडे नवी नाहीं. सोलापुरास १९३३ सालींच कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचें केंद्र निघालें. बांध घालून ओल धरावी. रब्बी ज्वारीच्या ओळींतील अंतर वाढवून बीं कमी पेरावें, म्हणजे थोड्या ओलीवर तोंडें थोडीं होतात. कोळपें फिरवून जमिनीच्या भेगा बुजवाव्या, म्हणजे ओल वाऱ्यावर जात नाहीं. हलक्या जमिनींत बाजरीबरोबर तूर पेरावी, म्हणजे एक पीक गेलें तरी दुसरें हातीं लागतें. थोड्या भांडवलाच्या शेतकऱ्यास आजहि यांहून स्वस्त उपाय नाहींत.

परंतु दुसरी पायरी कठीण आहे. मुरलेलें पाणी विहिरीस लागलें, म्हणजे तें कोणाचें? नायगांवच्या प्रयोगांतून जी ‘पाणी पंचायत’ उभी राहिली, तिचें थोरपण या प्रश्नाच्या उत्तरांत आहे. योजना एकट्यादुकट्याची नव्हे, तर गटाची असावी. पाणी जमिनीच्या मापानें न देतां माणशीं अर्धा एकर भिजेल इतकें द्यावें, आणि एका कुटुंबास जास्तींत जास्त अडीच एकरांचें. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जाऊं नये. भूमिहीनासहि वांटा असावा. उसासारखें पीक घेऊं नये. कारण ज्वारीच्या एका पिकास जितकें पाणी पुरतें, त्याच्या चौपट-पांचपट पाणी तेवढ्याच जमिनींतला ऊस पितो. आणि खर्चाचा पांचवा हिस्सा लाभधारकांनीं स्वतः उभा करावा.

यावर कोणी विचारील, ‘ज्याची जमीन वीस एकर त्यास अडीच एकरांचेंच पाणी, आणि ज्याच्या नांवें गुंठाहि नाहीं त्यासहि वांटा, हा कोठला न्याय?’ आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. पण पाऊस कोणा एकाच्या शेतावर पडत नाहीं. तो डोंगरावर, गायरानांत, देवस्थानाच्या माळावर पडतो, आणि भूमीच्या पोटांतून वाहतांना सातबाराचा उतारा पाहत नाहीं. ज्याचा पंप मोठा त्यानें तें उपसावें, यास हक्क म्हणणें कठीण आहे.

सर्वच योजना टिकल्या असें मात्र नव्हे. कांहीं पुढें बंदहि पडल्या. नियम लिहिणें सोपें, वर्षानुवर्षें मोजमाप ठेवणें अवघड. नगरकडील हिवरे बाजारच्या ग्रामसभेनें दर वर्षीं पाऊस व विहिरी मोजून पिकें ठरविण्याचा आणि शेतीसाठीं बोअर न घेण्याचा परिपाठ ठेवला, म्हणून तेथील पाणी राहिलें.

हें सर्व आम्ही वाचून जाणत होतों. तरी आमच्याच बांधावर तें विसरलों. आम्हां भावांच्या समाईक जमिनींत तीन वर्षांपूर्वीं खोल बोअर घेतली. पाणी भरपूर लागलें, पेढे वांटले. पुढच्याच उन्हाळ्यांत खालच्या अंगाच्या शेजाऱ्याची जुनी विहीर आटली. तो भांडावयास आला नाहीं. त्याची सून मात्र रोज सकाळीं हंडा घेऊन आमच्या नळाशीं उभी राहूं लागली, आणि ‘काका, भरूं का?’ असें विचारूं लागली. तिच्या आजेसासऱ्यानें खणलेल्या विहिरीचें पाणी ती आमच्याजवळ मागत होती!

गेल्या दिवाळींत भावांस एकत्र बसवून आम्हीं विषय काढला. धाकट्याचें म्हणणें, बोअरचे हप्ते अजून फिटावयाचे आहेत. तें खरेंच होतें. अखेर ठरलें तें असें: डाळिंबाचा बेत सोडावा, उताराचे बांध आधीं नीट करावे, शेजाऱ्यासहि त्या कामांत घ्यावें, आणि संक्रांतीनंतर बोअरचें पाणी केवळ पिण्यास, तेंहि दोन्ही घरांस. हरभऱ्याचें एक पाणी यंदा हुकलें व उतारा कमी आला.

शेजाऱ्याच्या विहिरीस पाणी परत येतें कीं नाहीं, हें कळावयास आणखी दोन-तीन पावसाळे जावे लागतील. ज्या घरांतून अद्याप गांवाकडे चार-दोन एकर कोरडवाहू जमीन आहे, त्यांनीं बोअरचा विचार करण्यापूर्वीं खालच्या अंगास कोणाची विहीर आहे तें पाहून यावें. पानें मोजून वाढावें हें आम्ही घरांत लहानपणींच शिकलों होतों. बांधापर्यंत न्यावयास मात्र उशीर झाला.