चाळीस उल्का मोजल्या, पण दर निघाला नाही

पीएचडीच्या पहिल्या वर्षी, डिसेंबरमध्ये, मिथुन राशीतला उल्कावर्षाव बघायला आम्ही नागपूरहून परतवाड्यामार्गे चिखलदऱ्याला गेलो. उंची साधारण अकराशे मीटर, शहराचा उजेड मागे राहिलेला. मुक्कामाच्या आवारातच सतरंजी टाकली (मेळघाटात रात्री हिंडू नका, अस्वलं असतात). सव्वानऊ ते सव्वादहा या तासात मी 40 उल्का मोजल्या. जाम खूश होतो.

परत आल्यावर दर काढायला बसलो आणि तिथेच अडकलो.

उल्कावर्षावाचा दर म्हणजे नुसती मोजणी नव्हे. उल्का जिथून येताना भासतात तो उगमबिंदू बरोबर डोक्यावर असता, आणि 6.5 प्रतीपर्यंतचे तारे दिसत असते, तर एका माणसाला तासात किती दिसल्या असत्या, तो हा आकडा. याला झेडएचआर म्हणतात. 13-14 डिसेंबरच्या ऐन भरात तो 150 च्या आसपास जातो.

मिथुनचा उगमबिंदू पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ आहे. आपल्याकडे तो रात्री दोन-सव्वादोनला सर्वांत वर येतो. पावणेदहाला मात्र जेमतेम 30 अंशांवर असतो. मोजलेल्या आकड्याला त्या उंचीच्या साइनने भागायचं, म्हणजे 0.5 ने. झाले 80. इथपर्यंत ठीक, कारण वेळ लिहिलेली होती.

आता आकाश. मंद उल्का तेजस्वी उल्कांपेक्षा कितीतरी जास्त असतात, त्यामुळे थोडंसं धुकंही बराच माल गिळतं. या वर्षावात दर एका प्रतीमागे 2.6 ने गुणावं लागतं. मला 6.5 पर्यंतचे तारे दिसत असतील तर दर 80, आणि 5.5 पर्यंतचेच दिसत असतील तर 208! मोजणी तीच. मित्राला फोन केला, तर म्हणे, "अरे, आकाश तर मस्त होतं ना!" आता मस्त म्हणजे किती प्रत, सांगा बरं?

म्हणून तुम्ही जाल तेव्हा आधी तारे मोजा. नकाशावर ठरवून दिलेल्या त्रिकोणांतले तारे मोजून तक्त्यात प्रत मिळते. इंटरनॅशनल मीटिअर ऑर्गनायझेशनची पद्धत हीच आहे. दर वीसेक मिनिटांनी पुन्हा मोजा. ढग किती, तेही टिपा. उगमबिंदूकडून न आलेल्या उल्का वेगळ्या लिहा. नोंदी मोबाईलवर बोलून करा, स्क्रीन बघितली की अंधाराला सरावलेले डोळे गेलेच. आणि चहाला उठलात तर ती मिनिटं वजा करा. माझी तीही लिहिलेली नव्हती.

चिखलदरा लांब वाटत असेल तर पेंच आहे, 2024 मध्ये ते डार्क स्काय पार्क म्हणून जाहीर झालं. तिथेही आधी तारेच मोजायचे.