आयफेल टॉवर : खालून, वरून, आतून

त्रोकादेरोच्या सज्जावरून आयफेल टॉवर अख्खा फोटोत मावतो, म्हणूनच तो फोटो सगळ्यांकडे असतो. १८८९चा हा मनोरा नव्याने दिसला तो त्याच्या सांगाड्यात शिरलेल्या कॅमेऱ्यांना.

जेर्मेन क्रुल यांनी १९२८च्या ‘मेताल’ या छायाचित्रसंचात त्याच्या लोखंडी तुळया इतक्या जवळून टिपल्या, की टॉवर चटकन ओळखूच येत नाही. पुढच्याच वर्षी आंद्रे केर्तेश यांनी वरून कॅमेरा थेट खाली रोखला. त्या फोटोत जमिनीवर पसरलेली कमानीची जाळीदार सावली आहे आणि तिच्यातून चालणारी चिमुकली माणसं.

सर्वांत देखणा मात्र मार्क रिबू यांचा १९५३चा फोटो. टॉवर रंगवणारा कामगार तुळयांच्या बेचक्यात उभा. डोक्यावर हॅट, तोंडात सिगारेट, लांबवलेल्या हातात ब्रश. खाली धूसर पॅरिस. कमरेला दोर नाही, तरी अंगात नर्तकाचा डौल! ‘लाइफ’ साप्ताहिकाने तो छापला.

रात्री फोटो काढणाऱ्यांसाठी : टॉवरच्या रोषणाईवर कॉपीराइट आहे. हौसेने काढलेला फोटो चालतो, व्यावसायिक वापराला परवानगी लागते.